लिपिड

तेल, तूप, चरबी, मेण, कोलेस्टेरॉल हा सगळा गोतावळा म्हणजे लिपिड. मराठीत स्निग्ध पदार्थ म्हणतात. हे नाव रचनेवरून नाही, स्वभावावरून पडलंय. पाण्यात विरघळत नाही पण ईथर, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं ते लिपिड. नाशिकच्या मिसळीवर तर्री तरंगते ती यामुळंच, आणि लाल रंगही तर्रीतच उतरतो कारण मिरचीतली रंगद्रव्यं तेलात विरघळणारी असतात. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही तशीच, म्हणून गाजराच्या भाजीला थोडं तेल हवंच.

स्वयंपाकातलं तेल-तूप म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड, ग्लिसरॉलच्या एका छोट्या रेणूला फॅटी ॲसिडच्या, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्यांच्या, तीन शेपट्या. शेपटीत कार्बनचे दुहेरी बंध नसले की ती सरळ राहते, शेपट्या एकमेकींना खेटून बसतात आणि पदार्थ थिजतो, बंध असला की तिथं ती वाकते, नीट रचून बसता येत नाही, मग तेल पातळ राहतं. निफाडच्या थंडीत खोबरेल बाटलीत घट्ट होतं (साधारण २४ अंशाखाली थिजतं) आणि शेजारचं शेंगदाणा तेल मात्र पातळच. १ ग्रॅम फॅटमधून ९ किलोकॅलरी मिळतात, साखरेतून ४, त्यामुळं साठवणीला शरीर चरबीच निवडतं.

पण लिपिडचं सगळ्यात मोठं काम साठवणीचं नाहीच, कुंपणाचं आहे, आणि शाळेत हे घाईत उरकतात याचं मला वाईट वाटतं. फॉस्फोलिपिड म्हणजे एक डोकं आणि दोन शेपट्या असलेलं लिपिड, त्याचं डोकं पाण्याला धरून राहतं, शेपट्या पाण्यापासून पळतात, म्हणून पाण्यात सोडले की ते आपोआप दोन थरांत लागतात, डोकी बाहेर आणि शेपट्या आत. प्रत्येक पेशीभोवती हाच पडदा असतो, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तपेशींतलं लिपिड पाण्यावर पसरून मोजलं, ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, त्यावरून दोन थरांची कल्पना निघाली. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी सांगितलं की हा पडदा प्रवाही आहे, त्यात प्रथिनं तरंगत फिरतात. थंडी वाढली की बऱ्याच वनस्पती पडद्यात वाकड्या शेपट्यांचं प्रमाण वाढवतात, म्हणजे तो थिजत नाही. आपल्या पेशींत हा समतोल सांभाळायला कोलेस्टेरॉल लागतं, त्याच्यापासूनच काही हार्मोन आणि पित्तातली आम्लंही बनतात, त्याला नुसतं खलनायक ठरवणं बरोबर नाही.

द्राक्षाच्या मण्यावरचा पांढुरका थर बरेच जण औषध समजून चोळून धुतात. फवारणीचे अंश असू शकतात, धुवावं तर लागतंच, पण तो थर मुळात वेलीनंच केलेलं मेण आहे, त्यात ओलिॲनोलिक ॲसिड भरपूर असतं. त्यानं मण्यातलं पाणी आत राहतं, म्हणून दिंडोरीकडं घड काढताना देठाला धरतात, मण्याला हात लावत नाहीत. बेदाणा करताना मात्र उलटं, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल (यासाठीच वापरतात ते तेल) घातलेल्या पाण्यात घड बुडवतात, मेणाचा थर विस्कटतो आणि पाणी भराभर उडून जातं.