सीमाप्रश्न 1956 च्या आधी कुठनं आला

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न म्हटलं की आपल्याकडं गोष्ट थेट 1 नोव्हेंबर 1956 पासनं सुरू करतात, राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, मग सीमेचा तंटा बघायला नेमलेला महाजन आयोग, मग 2004 ला महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टात दावा. सगळं खरंय, पण माणसं एवढी पेटून का उठली हे त्यातनं कळत नाही, त्यासाठी अजून पन्नास वर्षं मागं जायला लागतं.

1905 ला टिळक इथं बेळगावात आले आणि झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसला. माणसं जमायची सवय काय नवी नव्हती, भजनी मंडळं, पारायणं, पंढरीच्या दिंड्या गावोगावी होत्याच, आता त्या जमलेल्या माणसांपुढं राजकारणही बोललं जाऊ लागलं. एप्रिल 1916 ला टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली तीसुद्धा बेळगावातच. त्यांचे इथले खंदे अनुयायी म्हणजे हुदलीचे गंगाधरराव देशपांडे, आणि त्यांना लोक म्हणायचे कर्नाटक सिंह! टिळकांचा माणूस आणि कर्नाटकचा सिंह, तेव्हा ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

डिसेंबर 1924 चं काँग्रेस अधिवेशन बेळगावला भरलं त्यात मोठा वाटा गंगाधररावांचाच. गांधीजी अध्यक्ष, आयुष्यात एकदाच. टिळकवाडीला अख्खं नगर उभं केलं, त्याला नाव दिलं विजयनगर, पाण्यासाठी विहीर खणली ती पंपा सरोवर, आजही तिथं आहे, काँग्रेस विहीर म्हणून कुणीही दाखवेल. नावं बघा, सगळी हंपीकडची, जुन्या विजयनगर साम्राज्याच्या राजधानीकडची. कारण कर्नाटक एकीकरणाची, म्हणजे सगळ्या कन्नड मुलखाचं एक राज्य मागणारी परिषदही तेव्हाच बेळगावात भरली. आणि 1946 ला ह्याच गावात मराठी साहित्य संमेलन झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष, तिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. म्हणजे दोन्ही मागण्यांनी जोर धरला तो एकाच गावात, एकाच पद्धतीच्या सभांमधनं, म्हणून तर तुटणं इतकं लागलं.

ह्या सगळ्यात निपाणी मात्र कायम मागं पडते, आणि ते बरोबर नाही. एप्रिल 1925 ला बाबासाहेब आंबेडकर निपाणीला बहिष्कृतांच्या प्रांतिक परिषदेला आले होते, महाडच्या सत्याग्रहाच्या दोन वर्षं आधी. तिथं प्रश्न भाषेचा नव्हता, माणसासारखं जगण्याचा होता. 1981 ला त्याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले, गोळीबार झाला, माणसं मेली, आणि तंबाखू पिकवणाऱ्याच्या घरात मराठी बोलतात की कन्नड, हे त्या रस्त्यावर कुणी विचारलं नव्हतं.