वीज पडायच्या आधीच रेडिओवर बोलायला लागते

मे महिना आला, वळवाचे ढग जमायला लागले की तो फॉरवर्ड परत फिरायला लागतो: मोबाईलच्या लहरी वीज ओढून घेतात, गडगडायला लागलं की फोन स्विच ऑफ करा. दरवर्षी येतो आणि दरवर्षी लोक घाबरतात, म्हणून आधी तेवढं मिटवून टाकू. मोबाईलमधून बाहेर पडणारी ताकद एक-दोन वॅटच्या वर जात नाही, तेवढ्याने हवेत विजेसाठी वाट वगैरे काही तयार होत नाही. चार्जिंगला लावलेला फोन किंवा वायरवाला लँडलाईन कानाला लावणं मात्र खरंच धोक्याचं, कारण वीज घराच्या वायरिंगमधून आत येऊ शकते. पण तो वायरचा प्रश्न झाला, लहरींचा नाही.

उलट वीज स्वतःच जबरदस्त रेडिओ ट्रान्समीटर आहे! घरात जुना एएम रेडिओ असेल तर ढग जमल्यावर लावा आणि काटा दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर ठेवा. प्रत्येक लखलखाटाबरोबर खर्रकन आवाज येतो, गडगडाटाच्या कितीतरी आधी, कारण रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने येते आणि गडगडाटाला एक किलोमीटर यायलाच जवळपास ३ सेकंद लागतात. कधी कधी बाहेर काहीच दिसत नाही तरी खरखर होते, तेव्हा वीज ढगाच्या पोटात झालेली असते नाहीतर खूप लांब कुठेतरी.

आता ही लहर तयार कशी होते ते बघू, मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. शाळेत शिकलोय की विद्युतप्रवाह बदलला की लहर निघते. प्रवाहाचा झटका जितका आखूड तितकी फ्रिक्वेन्सी जास्त, ढोबळ हिशोब एक भागिले झटक्याचा वेळ. म्हणजे १०० मायक्रोसेकंदाचा झटका असेल तर १० किलोहर्ट्झ, १ मायक्रोसेकंदाचा असेल तर १ मेगाहर्ट्झ, आणि १० नॅनोसेकंदाचा असेल तर थेट १०० मेगाहर्ट्झ. एकाच विजेत हे सगळे झटके असतात.

ढगातून वीज सरळ जमिनीवर येत नाही. आधी एक अंधूकसा लीडर, म्हणजे विजेची वाट तयार करत पुढे सरकणारी ठिणगी, खाली उतरतो आणि तो टप्प्याटप्प्याने उतरतो: साधारण ५० मीटर पुढे उडी, मग काही दहा मायक्रोसेकंद थांबा, परत उडी. जमिनीपर्यंत पोचायला त्याला साधारण २० मिलीसेकंद लागतात. प्रत्येक उडी मायक्रोसेकंदभराची किंवा त्याहून कमी, आणि उडीच्या टोकाशी हवा फाटताना जे बारीक बारीक तंतू निघतात, ज्यांना स्ट्रीमर म्हणतात, त्यांचे झटके तर नॅनोसेकंदात मोजायचे, म्हणून लीडर उतरत असतानाच व्हीएचएफ पट्टीत, म्हणजे ३० ते ३०० मेगाहर्ट्झमध्ये, एकसारखा कडकडाट चालू असतो. लीडर जमिनीला टेकला की मग तो मोठा उलटा प्रवाह वर धावतो, सरासरी ३० हजार अँपिअर, आपल्याला डोळे दिपवणारी जी वीज दिसते ती हीच. पण हा झटका लांबलचक असतो म्हणून त्याचा सगळा जोर ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास. या लहरी जमीन आणि आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, यांच्यामध्ये आपटत आपटत हजारो किलोमीटर जातात. व्हीएचएफ मात्र सरळ रेषेत जातं, क्षितिजापलीकडे नाही.

हे ऋणभाराच्या लीडरचं झालं. धनभाराचा लीडर बराच गुळगुळीत सरकतो आणि व्हीएचएफमध्ये जवळजवळ मुका असतो, त्यामुळे तो नीट सापडायचाच नाही. नेदरलँड्समध्ये लोफार नावाची रेडिओ दुर्बीण आहे, हजारो साध्या अँटेना पसरून बनवलेली, बांधली आकाश बघायला पण ती विजेवर लावली, आणि २०१९ साली धनभाराच्या वाटेला बाजूने फुटलेल्या सुईसारख्या फांद्या तिला दिसल्या, काही शंभर मीटरपर्यंतच्या. सगळा ऋणभार एका दमात निघून जात नाही, थोडा या सुयांमधून ढगात परत जातो, आणि एकच वीज तीन-चारदा का लुकलुकते याचे धागेदोरे इथे लागतात.

मायक्रोवेव्हपर्यंत, म्हणजे व्हीएचएफच्याही बरंच वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत, पोचेतो विजेचा रेडिओवरचा आवाज फार क्षीण होतो, फ्रिक्वेन्सी वाढेल तसा तो घटतच जातो. असतो, पण जवळ चांगला रिसीव्हर ठेवला तरच मिळतो. त्यामुळे वादळात डीटीएच गेलं की आपण विजेला दोष देतो तो चुकीचा आहे: डीटीएचची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची असते आणि वाटेतले पावसाचे थेंबच तिला शोषतात आणि विखुरतात.

आणि पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत आता सोडायलाच हवी. लीडर कुठे टेकणार हे शेवटच्या काही दहा मीटरमध्ये ठरतं, आणि तिथे उंची, टोकदारपणा, मोकळी जागा एवढंच चालतं. पायाळू म्हणून एखाद्या मुलाला घरात कोंडायचं आणि बाकीच्यांना शेतात झाडाखाली उभं राहू द्यायचं, यात बाकीच्यांचा जीव जातो.

वीज कुठे झाली हे शोधायला लहरी कामाला येतात. तीच लहर वेगवेगळ्या ठिकाणच्या सेन्सरवर वेगवेगळ्या वेळी पोचते, एका मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे ३०० मीटर. चार-पाच ठिकाणच्या वेळा जीपीएसच्या घड्याळाने जुळवल्या की जागा सापडते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने असंच सेन्सरचं जाळं उभारलंय आणि त्यावर दामिनी अॅप चालतं, आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरमधल्या विजेची सूचना ते देतं. रशियात पोपोव्हने १८९५ मध्ये रिसीव्हर बनवला तोही लांबची वीज टिपत होता, तेव्हा रेडिओवर ऐकायला स्टेशन एकही नव्हतं. बहुतेक वादळांत आधी ढगातल्या ढगात विजा सुरू होतात आणि जमिनीवर पहिली पडायला त्यानंतर काही मिनिटं जातात, शेतातून घरी पोचायला तेवढीच मिळतात.