कुंडीतील अंजीर : लागवड आणि फळांची राखण

अंजिराचे झाड कुंडीत, पिंपात किंवा रोपांच्या कापडी पिशवीत वाढवणे आणि फळ झाडावरच पूर्ण पिकेपर्यंत पशुपक्ष्यांपासून राखणे, अशी ही बागकामातील पद्धत आहे. अंजीर (फायकस कॅरिका) हे वड, पिंपळ, उंबर यांच्या प्रजातीतले पानझडी झाड मूळचे पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या परिसरातले. मोकळ्या जमिनीत त्याची मुळे दूरवर जातात आणि जोर पाल्यावर खर्ची पडतो. कुंडीत मुळांना मर्यादा पडली की झाड आटोपशीर राहते आणि लवकर फळावर येते.

अंजिराची फुले बाहेर दिसत नाहीत. आपण ज्याला फळ म्हणतो त्या मांसल पेल्याच्या आतल्या बाजूला ती दाटीने असतात आणि टोकाला एक बारीक तोंड असते. स्मर्ना गटातील वाणांना फळ धरण्यासाठी ब्लास्टोफॅगा सेनेस ही चिमुकली गांधीलमाशी लागते. कुंडीसाठी परागणाशिवाय फळ धरणारे वाण घ्यावेत, उदाहरणार्थ ब्राऊन टर्की किंवा सेलेस्ट. सेलेस्टच्या फळाचे तोंड बरेचसे मिटलेले असते, त्यामुळे मुंग्या आणि भुंगेरे आत शिरण्याचा धोका कमी राहतो. वाण निवडताना लोक गोडी आणि आकार पाहतात. तोंड किती उघडे राहते हेही तितकेच पाहायला हवे.

अभिवृद्धी सोपी आहे. झाड सुप्तावस्थेत असताना पेन्सिलीच्या जाडीची, १५ ते २० सेंमी लांबीची फाटे कलमे लावतात. रोप लहान कुंडीतून टप्प्याटप्प्याने मोठ्या कुंडीत न्यावे. पूर्ण वाढलेल्या झाडाला ४० ते ६० लिटरची कुंडी पुरते. पाण्याचा निचरा चोख असावा आणि दिवसाचे सहा ते आठ तास ऊन मिळावे. पाण्यात अनियमितपणा झाला तर फटका थेट फळाला बसतो: ताण पडला की कच्ची फळे गळतात आणि नंतर एकदम भरपूर पाणी मिळाले की पिकणारी फळे तडकतात. नत्र जास्त झाले की पाने हातभर होतात, फळ मात्र धरत नाही. मुख्य बहर नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत येतो. म्हणून पाच-सहा पाने झाल्यावर शेंडा खुडतात. काही वाणांत आधीचा एक छोटा बहर जुन्या काडीवर येतो आणि सरसकट छाटणी केल्यास तो हातचा जातो. दर दोन-तीन वर्षांनी सुप्तावस्थेत झाड काढून बाहेरच्या मुळांची गुंतावळ कापावी आणि नवी माती भरावी. चीक अंगावर लागून ऊन पडल्यास त्वचेवर फोड येतात, त्यामुळे छाटताना हातमोजे घालावेत.

फळाची वाढ तीन टप्प्यांत होते. आधी ते झपाट्याने वाढते, मग कित्येक आठवडे हिरवे, कडक आणि जसेच्या तसे राहते. शेवटच्या थोड्या दिवसांत ते एकदम फुगते, रंग बदलतो, देठाकडची मान वाकते आणि साल मऊ पडते. साखर आणि रस बहुतांशी याच दिवसांत भरतो. कडक असताना तोडलेले अंजीर घरात ठेवून झाडावरच्यासारखे पिकत नाही. त्यामुळे आधी तोडून चोर टाळण्याचा मार्ग इथे बंद आहे, आणि सगळी राखण याच मोजक्या दिवसांची आहे.

चोर कोण, हे खुणांवरून कळते. पक्षी सालीला भोक पाडून गर कोरतात. उंदीर दातांच्या बारीक खाचा आणि लेंड्या मागे ठेवतात, खारी अर्धवट कुरतडलेली फळे खाली टाकतात, तर फळे खाणारी वटवाघळे रात्री येऊन अख्खे फळच पळवतात. उपाय त्यानुसार बदलतो. पक्षी आणि कीटकांसाठी प्रत्येक फळाला ऑर्गन्झाची, म्हणजे झिरझिरीत पारदर्शक कापडाची, नाडी असलेली पिशवी बांधणे सर्वांत सोयीचे. हवा आणि उजेड दोन्ही आत जातात. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत वाफ साचून बुरशी येते. खार आणि उंदीर मात्र कापड सहज कुरतडतात. त्यांच्यासाठी तारेच्या जाळीचा पिंजराच हवा: खारींना सुमारे १२ मिमी छिद्राची जाळी पुरते, लहान उंदरांना ६ मिमीची लागते.

झाडावर सैल, मोठ्या छिद्रांची जाळी टाकणे मात्र टाळावे. पक्षी, वटवाघळे आणि साप तिच्यात अडकून तडफडून मरतात, आणि काही फळांसाठी ही किंमत कुणीही मोजू नये. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांच्या जाळीचे छिद्र ताणलेल्या अवस्थेत ५ मिमी बाय ५ मिमीपेक्षा मोठे नसावे, असा नियम केला. छिद्रातून बोट जात असेल तर जाळी चुकीची, एवढी परीक्षा पुरते. योग्य जाळीही सांगाड्यावर ताणून, खालून पक्की बांधावी.

चकाकत्या फिती आणि नकली घुबडांना पक्षी लवकरच सरावतात. मिरचीचा फवारा पक्ष्यांवर चालत नाही, कारण तिखटाची आग त्यांना जाणवत नाही. पातळ सालीच्या फळावर तो खाणाऱ्यालाच त्रास देतो. मुंग्यांसाठी खोडाला आधी पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावावा, आणि फांद्या भिंतीला टेकू देऊ नयेत; एक पानही पूल म्हणून पुरते.

कुंडीचा खरा फायदा इथे दिसतो. मान वाकू लागली की झाडच उचलून जाळीबंद बाल्कनीत किंवा हरितगृहात नेता येते. उपद्रव रात्रीचाच असेल तर फक्त रात्री आत घेतले तरी भागते. मोठ्या कुंड्यांखाली चाके म्हणूनच आधीपासून असावीत. दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस फळाच्या तोंडाला ऑलिव्ह तेलाचा थेंब लावण्याची जुनी रीतही आहे. त्याने फळात इथिलीन तयार होऊन ते लवकर पिकते, म्हणजे राखणीचे दिवस कमी होतात. मात्र घाईने लावल्यास फळ बेचव होते.

फळ सकाळी लवकर, पक्ष्यांच्या आधी, देठासकट तोडावे. सालीवर बारीक चिरा आणि तोंडाशी मधासारखा थेंब दिसला तर आणखी थांबू नये. खाली पडलेली फळे रोज उचलावीत, कारण आंबलेल्या वासावर चिलटे आणि भुंगेरे येतात. पिकलेले अंजीर फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसच चांगले राहते.