सागरी अर्चिनचे अंडे: ऑक्सिजनचा चुकलेला हिशेब

नागपूरच्या महाविद्यालयांत सागरी अर्चिन हा काटेरी गोलसर समुद्री प्राणी दिसतो तो बहुधा बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला. शरीररचना शिकायला तेवढे पुरते. अंड्यातल्या तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे सूक्ष्म घटक) काय करतात हे मात्र जिवंत अंड्यावरच मोजावे लागते, म्हणून हा इतिहास समुद्रकाठच्या प्रयोगशाळांत सुरू झाला.

अर्चिनच का? मादी एका वेळी लाखो अंडी सोडते, प्रत्येक जेमतेम ०.१ मिलिमीटरचे. फलन शरीराबाहेर होते आणि सगळी अंडी एकदमच फलित करता येतात. एका अंड्याचे श्वसन मोजणे अवघड, लाखभर अंड्यांचे सोपे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्गने १९०८ साली हेच केले. फलनानंतर अंडी सहा-सात पट ऑक्सिजन घेतात, असे त्याला आढळले. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडाने 'मायटोकाँड्रिया' हे नाव देऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती, तरी त्यांचा श्वसनाशी संबंध ठरला नव्हता. तो १९४८-४९ मध्ये केनेडी आणि लेनिंजर यांनी उंदराच्या यकृतावर दाखवला. मग वारबुर्गच्या आकड्याचा अर्थ मागे वळून लावला गेला: फलन झाले की तंतुकणिका जाग्या होतात!

हे अर्धेच खरे होते. सुरुवातीच्या काही मिनिटांतली ऑक्सिजनची उसळी सायनाइडने थांबत नाही. तंतुकणिकांची असती तर थांबली असती. १९७८ मध्ये फोर्डर, क्लेबानॉफ आणि शपिरो यांनी उत्तर दिले. त्या ऑक्सिजनचा सुमारे दोन तृतीयांश भाग हायड्रोजन पेरॉक्साइड बनवण्यात जातो आणि त्याने अंड्याभोवतीचे फलन-आवरण कडक होते. तंतुकणिकांची खरी वाढ त्यानंतरची, संथ आणि टिकणारी.

या तंतुकणिका आईकडून आलेल्याच. जर्मन शास्त्रज्ञ मेव्हसने १९१२ मध्ये शुक्राणूचा मध्यखंड (डोके आणि शेपटी यांमधला, तंतुकणिका असलेला भाग) अंड्यात शिरल्यावरही डोळ्यांआड होऊ दिला नाही. पहिल्या विभाजनात तो न वाटता एकाच पेशीत गेला. पुढे सुरुवातीच्या विकासात तंतुकणिकांचा डीएनए नव्याने बनत नाही हेही कळले. आईने दिलेलीच शिदोरी पेशींमध्ये वाटली जाते.

किनाऱ्यावरून जिवंत प्राणी आणून हे मोजमाप नागपुरात करायचे तर ०.५ मोलर पोटॅशियम क्लोराइड (लिटरला ३७.३ ग्रॅम) तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून अर्धा ते एक मिलिलिटर टोचतात. मादीला तोंड वर करून समुद्राच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या बीकरवर ठेवतात. अंडी खाली बसतात. वरचे पाणी ओतून दोन-तीनदा बदलावे, कारण शरीरद्रव राहिला तर फलन बिघडते. शुक्राणू न पातळ करता बर्फावर ठेवावेत. पाण्यात मिसळले की ते लवकरच निकामी होतात. जास्त टाकले तर एका अंड्यात अनेक शिरतात आणि विभाजन वेडेवाकडे होते. नळाचे क्लोरिनयुक्त पाणी चालत नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ घालावे. नागपूरच्या मे महिन्यात ते पाणी टेबलावर तसेच ठेवले तर काही तासांत अंड्यांना सोसणार नाही इतके तापते. आणि ऑक्सिजन मोजताना पहिली दहा मिनिटे वेगळी नोंदवावीत, नाहीतर पेरॉक्साइडचा खर्च तंतुकणिकांच्या नावावर चढतो.