बुद्रुक की खुर्द? नाव एक, गावं दोन

पुण्यात सिंहगड रस्त्यावर वडगावं दोन आहेत. कात्रजपलीकडे आंबेगावं दोन, कोंढवेही दोन. राहाता तालुक्यात लोणी दोन, आंबेगाव तालुक्यात अवसरी दोन. दरवेळी एक बुद्रुक आणि एक खुर्द. देशावरच्या कुठल्याही तालुक्याची गावांची यादी उघडली की अशा चार-दोन जोड्या निघतातच. बोलताना हे शेपूट सहज गळून पडतं. कागदावर मात्र गाव कोणतं ते त्या शेपटावरूनच ठरतं, आणि घोळ होतो तो इथेच.

आधी शब्द पाहू. दोन्ही फारसी आहेत. ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा, थोर, वडीलधारा. त्याचंच मराठी तोंडात बुद्रुक झालं. ‘कागज’चा कागद झाला त्याच वाटेने इथे ज चा द झाला, र आपल्या जागेवरून सरकला आणि शेवटचा ग कठोर होऊन क बनला. उत्तर प्रदेश-बिहारकडे गावांच्या नावांत अजून ‘बुजुर्ग’ जसाच्या तसा दिसतो. ‘खुर्द’ म्हणजे लहान. चिल्लर नाण्यांना आपण खुर्दा म्हणतो तो यातलाच, आणि उर्दूत सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणतात, म्हणजे बारीक ते बघणारी, तीही यातलीच. दिल्लीकडे आणि पंजाबात खुर्दच्या जोडीला बुजुर्गऐवजी ‘कलां’ येतो. चांदणी चौकातल्या दरीबा कलां गल्लीच्या नावात तोच आहे.

आता गैरसमज. बुद्रुक म्हणजे जिथे म्हातारी माणसं जास्त राहत ते गाव, हे ‘बुजुर्ग’चा आजचा हिंदी अर्थ मागे नेऊन चिकटवल्यामुळे होतं. खुर्द म्हणजे ‘खुद्द’, म्हणजे मूळ गाव, हे तर अगदी उलटं आहे. खुद्द हा ‘खुद’पासून आलेला वेगळाच शब्द. आणि नदीच्या किंवा ओढ्याच्या अलीकडचं ते बुद्रुक, पलीकडचं ते खुर्द, ही समजूत सर्वांत लोकप्रिय. दोन गावांच्या मधली शीव पुष्कळदा ओढ्यावरून जाते, म्हणून ती खरी वाटते. पण अलीकडे-पलीकडे असा अर्थ या शब्दांत कुठेच नाही. मध्ये पाणी नसलेल्या जोड्याही हव्या तेवढ्या आहेत.

मग सरळ ‘मोठं गाव’ आणि ‘लहान गाव’ म्हणून मोकळं का होऊ नये? कारण बुजुर्गमध्ये आकार आणि वय दोन्ही आहेत. मराठीत याला नेमका जोड ‘थोरला’ आहे. थोर म्हणजे मोठा, आणि थोरला भाऊ म्हणजे वयाने मोठा. कोकणपट्टीत फारसी शब्द न घेता हेच काम मराठीतून झालेलं दिसतं. उरणला मोठी जुई आणि धाकटी जुई आहे, पनवेलला मोठा खांदा आणि धाकटा खांदा. जोडीदार ‘लहान’ नाही, ‘धाकटा’ आहे, हे लक्षात घ्या. अकोल्यात मात्र मोठी उमरी आणि लहान उमरी अशी जोडी आहे. कानडी मुलखात हिरे आणि चिक्क येतात. चिक्कमगळूर म्हणजे धाकट्या मुलीचं गाव, आणि थोरल्या मुलीचं हिरेमगळूर त्याला लागूनच आहे. म्हणून आमच्या मते बुद्रुक-खुर्दचा सर्वांत जवळचा अर्थ थोरलं आणि धाकटं हाच.

हे थोरलेपण नाव पडलं त्या वेळचं असतं, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. एका गावाची वस्ती वाढते, लांबच्या शेतांवर वाडी बसते, किंवा पाटीलकीची वाटणी होते. पुढे त्या भागाची शीव वेगळी धरली जाते, सारा वेगळा लागतो, पाटील-कुलकर्णी वेगळे होतात, आणि मग दप्तरात एकाच नावाचे दोन मौजे, म्हणजे दोन महसुली गावं, येतात. वसुली करणाऱ्याला ते वेगळे ओळखता यायलाच हवेत. दप्तराची परिभाषा बहामनी काळापासून फारसी: मौजे, कसबे, परगणा, तर्फ. शेपूटही त्याच भाषेतून आलं. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी गावांची ही शेपटं राहिली ती राहिलीच. मोडी कागदांत ती ‘बु॥’ आणि ‘खु॥’ अशी तोडून लिहिली जात, आजचं बु. आणि खु. त्याचाच अवतार आहे.

म्हणजे आज कोणतं गाव मोठं, हे शेपटावरून कळत नाही. कोंढवा खुर्द आज दाट शहरी वस्ती आहे, आणि त्याला ‘लहान’ म्हणायला तिथला कोणी धजावणार नाही. नाव तरी बदललेलं नाही, आणि बदलायचं कारणही नाही.

सगळ्या समान नावांवर हाच तोडगा काढला गेला असंही नाही. हवेलीतली दोन लोणी आडनावांवरून वेगळी झाली: लोणी काळभोर आणि लोणी कंद. सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज आहे. त्यात बाजाराचं गाव कोणतं आणि साधं शेतीचं कोणतं हा फरक आहे. तर्फेवरून, म्हणजे गाव ज्या जुन्या महसुली विभागात मोडत असे त्यावरून, केलेली ओळख सर्वांत फसवी. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, आणि आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. या दुसऱ्या नावातलं बुद्रुक पारगावचं नाही, अवसरीचं आहे. ‘पारगाव बु.’ असं आखूड केलं की चूक झालीच.

सातबारा काढताना

व्यवहारात सर्वांत जास्त गडबड इथे होते. महाभूलेख या सातबारा दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, मग गाव निवडायचं असतं. गावांच्या यादीत खु. आणि बु. एकाखाली एक येतात आणि बोट चुकीच्या ओळीवर पडतं. पुढे सर्व्हे किंवा गट नंबर टाकला की संगणक कुरकुर करत नाही, कारण गटांचे नंबर प्रत्येक मौजात एकपासून सुरू होतात. गट नंबर ४५ खुर्दातही असतो आणि बुद्रुकातही. समोर सातबारा येतो, तो खराही असतो, फक्त जमीन दुसऱ्याची असते. त्यामुळे सातबारा उघडल्यावर आधी खातेदाराचं नाव आणि क्षेत्र (हेक्टर-आर) पाहा, मग डोक्यावरचं गावाचं पूर्ण नाव. सुधारित नमुन्यात गावाच्या नावासोबत गावाचा कोड क्रमांकही छापलेला असतो. दोन मौजांचे कोड कधीच सारखे नसतात, म्हणून शंका आली की नावापेक्षा कोड जुळवणं खात्रीचं.

हाच नियम बाकीच्या गाव नमुन्यांना लागू आहे. जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांची, म्हणजे फेरफाराची नोंदवही (गाव नमुना ६) प्रत्येक मौजाची वेगळी. तेव्हा नुसता ‘फेरफार क्र. १२१०’ सांगून भागत नाही, गाव सांगावं लागतं. आठ-अ मध्ये खातेदाराची त्या एका गावातलीच जमीन येते. शिवेच्या दोन्ही बाजूंना रानं असलेल्या शेतकऱ्याचे आठ-अ दोन निघतात. पीककर्जासाठी बँकेने एकूण धारण क्षेत्र विचारलं आणि एकच उतारा दिला, तर क्षेत्र कमी भरतं, आणि दोष उगाच तलाठ्याला लागतो.

ग्रामपंचायतीवरून गाव ओळखायला जाऊ नका. दोन महसुली गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असू शकते. तिचा रहिवासी दाखला एकाच कार्यालयातून येतो, शिक्काही एकच. जमीन मात्र दोन मौजांत विभागलेली. दाखल्यावर ग्रामपंचायतीचं नाव एक आणि अर्जात मौजाचं नाव दुसरं, असं झालं की अर्ज त्रुटी लागून परत येतो. दाखला मागतानाच त्यात ‘मौजे’ पुढे पूर्ण नाव लिहून घ्यावं.

रोमन लिपीत आणखी वेगळा गोंधळ. बुद्रुकसाठी ‘बी’ आणि ‘के’, खुर्दसाठी ‘के’ आणि ‘एच’ ही अक्षरं लिहायची पद्धत आहे. बाहेरगावच्या माणसाला ती कुणाची तरी आद्याक्षरं वाटतात आणि तो ती खुशाल गाळतो. पिनकोड बहुधा दोन्ही गावांना एकच असतो, म्हणून टपाल कसंबसं पोचतं. आधार, रेशनकार्ड आणि सातबारा यांत मात्र तीन प्रकार होऊन बसतात.

शहरात गेलेली गावं

गाव महापालिकेत गेलं म्हणून मौजा संपत नाही. दोन्ही आंबेगावं २०१७ साली पुणे महापालिकेत आली. घरपट्टी महापालिकेची, जमिनीचं वर्णन मात्र अजून ‘स. नं. अमुक, आंबेगाव बु.’ असंच होतं. सोसायटीच्या पाटीवर फक्त ‘आंबेगाव’ लिहिलेलं असतं, फ्लॅट घेताना ती पाटी प्रमाण मानू नये. करारनाम्यातलं मौजे, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सातबाऱ्याशी अक्षरन्‌अक्षर जुळवावं. सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), शोधतानाही दोन्ही मौजांत एकेकदा शोध घ्यावा, कारण जुन्या दस्तांत टंकलेखकाने कोणतं शेपूट लावलं असेल याचा भरवसा नाही.

चूक झालीच तर ती नेमकी कुठे आहे त्यावर उपाय ठरतो. दस्तातच खुर्दऐवजी बुद्रुक पडलं असेल, तर आधीच्या सर्व पक्षकारांच्या सह्यांनी चूक दुरुस्ती लेख करून तो नोंदवावा लागतो. तो होईपर्यंत फेरफाराची नोंद मंजूर होण्याची आशा धरू नये. चूक एवढीच आहे हे दाखवायला चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे त्याचं वर्णन, फार कामाला येते. पूर्वेचा-पश्चिमेचा गट नंबर खुर्दाच्या नकाशाशी जुळतो आणि बुद्रुकाच्या नकाशाशी जुळत नाही, हे दाखवलं की पुरावा पक्का होतो. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून दोन्ही गावांचे गटनकाशे काढून ठेवावेत. दस्त बरोबर आणि फक्त अधिकार अभिलेखात, म्हणजे सातबारा-फेरफारात, लिहिताना चूक झाली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अर्जाला नोंदणीकृत दस्त, मूळ फेरफार आणि चालू सातबारा जोडावा. आणि अर्जात गावाचं नाव आखूड न करता लिहावं: मौजे वडगाव खुर्द, तालुका हवेली, जिल्हा पुणे.