बाळाला झोपेची सवय लावणे

झोळीच्या झोक्याशिवाय आणि अंगावर पीत न राहता, अंथरुणावर ठेवलेल्या बाळाने आपले आपण झोपी जावे म्हणून लावायचे वळण. योग्य काळ चौथ्या ते सहाव्या महिन्यातला. नवजात बाळ १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी; दर दोन-तीन तासांनी भूक लागते आणि रात्र-दिवसाचे भान आलेले नसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. ताप असताना किंवा माहेरून सासरी आल्या आठवड्यात सुरुवात करू नये.

संध्याकाळचा क्रम रोज तोच हवा: अंग पुसणे, कपडे बदलणे, दूध, ढेकर, मंद दिवा, एखादी अंगाई. दूध शेवटी नको, म्हणजे पिणे आणि झोपणे यांची गाठ सुटते. डोळे जड झाले पण मिटले नाहीत, तेवढ्यात बाळाला अंथरुणावर उताणे ठेवावे. रडले तर ३ मिनिटे खोलीबाहेर थांबून जवळ जावे, न उचलता मिनिटभर थोपटावे. मग ५, मग १० मिनिटे थांबावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही पद्धत. नाशिकमधल्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या भागातल्या एका खोलीच्या घरात बाहेर जाणे जमत नाही. तिथे अंथरुणाशेजारी बसून हात काढून घ्यावा आणि दर दोन-तीन रात्रींनी थोडे दूर सरकावे. एकाच खोलीत झोपणे हा दोष नाही, पहिले सहा महिने तेच सुरक्षित. बाळाची जागा मात्र वेगळी असावी. वडिलांची रात्रपाळी असेल, तर सवय दिवसपाळीच्या आठवड्यात सुरू करावी.

बिघडते ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री. रडणे आधी वाढते, आजीचा जीव राहत नाही आणि अर्ध्या तासाने बाळ कडेवर येते. जास्त रडले की उचलतात, एवढेच त्याला कळते. म्हणून आजी-आजोबांशी आधीच बोलून ठेवावे. रात्रीच्या खऱ्या भुकेचे दूध चालूच राहणार आहे, हेही त्यांना सांगावे. दुसरी चूक झोळीत झोपवून अंथरुणावर हलवण्याची. बाळाची झोप तासाभराच्या आत हलकी होते. तेव्हा झोका सापडत नाही आणि ते दचकून रडते.

नाशिकच्या थंडीत, विशेषतः निफाडकडे, रात्रीचे तापमान १० अंशांखाली जाते. तरी झोपताना कानटोपी, जाड गोधडी आणि डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली राईची उशी नको. आपल्यापेक्षा कपड्यांचा एक थर जास्त पुरे. मानेचा घाम पाहावा. बंद खोलीत शेगडी किंवा धुरी अजिबात ठेवू नये, तिचा वायू जिवावर बेततो.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर महिनाभर थांबून पुन्हा पाहावे. बाळ नेहमी घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर सवय बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.