पार्श्वभूमी : ग्लिसरीन आणि नागपूरची कोरडी हवा

थंडी पडली की नागपुरात अनेक घरांत ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबाची बाटली तयार होते. चेहरा चुरचुरला की दोष ग्लिसरीनला जातो. खरं तर ग्लिसरीन स्वतः फार सौम्य आहे. त्रास होतो तो भेसळीने, चुकीच्या प्रमाणाने किंवा सोबत मिसळलेल्या पदार्थाने.

स्वीडनच्या कार्ल शेले यांनी १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल मुरदाडशिंगासोबत, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडसोबत, तापवून हा गोड, घट्ट द्रव मिळवला. त्यामुळे सुरुवातीच्या मालात शिसं उरायचं. १८५० च्या दशकात लंडनच्या प्राइसेस मेणबत्ती कंपनीने वाफेने ऊर्ध्वपातन सुरू केलं, तेव्हा ग्लिसरीन औषधात वापरण्याइतकं शुद्ध झालं. साबण करताना १०० किलो तेलामागे साधारण १० किलो ग्लिसरीन निघतं, म्हणून ते स्वस्तही राहिलं.

शुद्धतेचा प्रश्न मात्र संपला नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं ग्लिसरीन पोटात गेल्याने १४ रुग्ण दगावले, न्या. लेंटिन आयोग त्यासाठीच नेमला गेला. त्वचेसाठी घेतानाही सुटं ग्लिसरीन नको. ‘आयपी’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या शुद्धतेचं भारतीय मानक) छापलेली सीलबंद बाटलीच घ्या.

ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. आपली त्वचाही ग्लिसरीन वापरते: ते त्वचेच्या पेशींत नेणारं ॲक्वापोरिन-३ नावाचं प्रथिन नसलेल्या उंदरांची त्वचा कोरडी पडली आणि ग्लिसरीन दिल्यावर सुधारली. पण मे महिन्यात नागपूरची दुपार ४५ अंशांकडे जाते तेव्हा हवेत ओलावाच नसतो. अशा वेळी निव्वळ ग्लिसरीन त्वचेच्या खालच्या थरातलं पाणी ओढतं, आणि लावूनही चेहरा ताणल्यासारखा वाटतो.

म्हणून ५ मिली ग्लिसरीन ५० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा, ओल्या चेहऱ्यावर लावा आणि कोरडी त्वचा असेल तर वर खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. तेलकट त्वचेला वरचा थर नको. ग्लिसरीनने रंध्रं बुजत नाहीत, जास्त झालं तर फक्त चिकटतं. नाजूक त्वचेला सुगंधी गुलाबपाणी झोंबू शकतं, तिथे साधं पाणीच बरं. भेगाळलेल्या टाचेवर निव्वळ ग्लिसरीन लावलं तर आग होते.

पाणी घातलेलं मिश्रण टिकत नाही, त्यात जंतू वाढतात. फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. लिंबू मात्र घालूच नका: त्याचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात.